दुसऱ्या डिस्कवरचा शेवट

क्लर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतो? फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसलेला, 'उद्या या' म्हणणारा सरकारी कारकून. त्यामुळे न्यू जर्सीत ऑनसाइट असताना, २००४ च्या शेवटी शेवटी, एका दुकानात मी 'क्लर्क्स' नावाचा डीव्हीडीचा सेट उचलला तेव्हा मला वाटलं की हा ऑफिसातल्या गमतीजमतींवरचा सिनेमा असणार. (क्युबिकलमध्ये बसून पिचलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!) घरी येऊन बघतो तर काय, अमेरिकेत क्लर्क म्हणजे दुकानातला गल्ल्यावरचा पोरगा. आणि सिनेमा होता ब्लॅक अँड व्हाइट, एका किराणा-कम-सिगरेटच्या दुकानात घडणारा, तोंडात शिव्यांचा पट्टा असलेल्या पोरांचा.

सिनेमा ९२ मिनिटांचा. सेटमध्ये डिस्क मात्र तीन. म्हणजे दीड तासाच्या सिनेमाभोवती सात-आठ तासांचा ऐवज. मी ते सगळं एका शनिवार-रविवारी बघून संपवलं, रूममेटच्या शिव्या खात. त्या वीकेंडपासून माझ्या डोक्यात एक विषय घर करून बसलाय. सिनेमाचा इतिहास कुठे राहतो? आज त्याबद्दल थोडं सविस्तर.

आधी सिनेमाची जन्मकथा, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. केव्हिन स्मिथ हा न्यू जर्सीतल्या लिओनार्डो गावातल्या 'क्विक स्टॉप' नावाच्या दुकानात काम करायचा. १९९१ मध्ये आपल्या एकविसाव्या वाढदिवसाला त्याने न्यूयॉर्कच्या अँजेलिका थिएटरात रिचर्ड लिंकलेटरचा 'स्लॅकर' पाहिला. कथा नाही, स्टार नाहीत, नुसती बोलणारी माणसं. हे चालतं तर मग मीही करू शकतो, असं त्याला वाटलं. व्हँकुव्हरच्या फिल्म स्कूलमध्ये प्रवेश घेतला, चार महिन्यांत सोडला आणि उरलेल्या फीचे पैसे सिनेमासाठी वाचवले. तिथे त्याला भेटलेले दोघे, स्कॉट मोझिअर आणि डेव्हिड क्लाइन, पुढे त्याचे निर्माता आणि कॅमेरामन झाले. (बाकी कॉलेजमध्ये आपल्याला तरी काय मिळतं? चार मित्र आणि एक सर्टिफिकेट. त्याने सर्टिफिकेट सोडलं.)

बजेट होतं २७,५७५ डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण साडेआठ लाख रुपये. हे पैसे आले कुठून? अनेक क्रेडिट कार्डं शेवटापर्यंत पिळून, स्वतःचा कॉमिक्सचा संग्रह विकून, आणि १९९२ च्या डिसेंबरात पुरात गेलेल्या गाडीची भरपाई वापरून. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या एका गृहस्थांनी ८० वर्षं आधी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती आणि त्यांच्या पत्नीचे दागिनेही गेले होते. फाळक्यांकडे क्रेडिट कार्डं नव्हती एवढाच काय तो फरक. फाळक्यांकडे परत येतोच.

शूटिंग दुकानातच, दुकान बंद झाल्यावर, रात्री. २१ दिवस, म्हणजे २१ रात्री. स्मिथ दिवसा तिथेच गल्ल्यावर उभा राहायचा. आता अडचण अशी की सिनेमा घडतो दिवसा आणि शूटिंग होतंय रात्री. खिडकीतून अंधार दिसणार. मग त्याने गोष्टीतच एक खुंटी मारली. सकाळी नायक डान्टे दुकान उघडायला येतो तर कोणीतरी शटरच्या कुलपात च्युइंगम कोंबलेलं असतं. शटर दिवसभर उघडतच नाही! डान्टे एका चादरीवर बूट पॉलिशने 'दुकान चालू आहे' अशा अर्थाचा मजकूर लिहून बाहेर टांगतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला वर्कअराउंड म्हणतो. फरक एवढाच की आमचे वर्कअराउंड कोणी बघायला येत नाही.

ब्लॅक अँड व्हाइटचंही तसंच. कित्येक समीक्षकांना त्यात काहीतरी कलात्मक वगैरे दिसलं. खरी गोष्ट अशी की दुकानातल्या ट्यूबलाइट रंगीत फिल्मवर हिरवट येतात. ते नीट करायला वेगळे दिवे लागतात आणि दिव्यांना पैसे. १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म स्वस्त पडली. विषय संपला.

पण मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

(इथून पुढे सिनेमाचा शेवट फोडणार आहे. तीस वर्षं झाली, आता माझ्यावर ओरडू नका.)

चित्रपटगृहात आलेल्या 'क्लर्क्स'चा शेवट अगदी साधा आहे. सुट्टीच्या दिवशी जबरदस्तीने कामावर बोलावलेला डान्टे दिवसभर पिचतो, मित्राशी, म्हणजे रँडलशी हाणामारी करतो, दोघांचं गोड होतं, रँडल निघून जातो. संपलं. पण स्मिथने लिहिलेला आणि चित्रित केलेला शेवट हा नव्हता. त्यात रँडल गेल्यावर एक माणूस दुकानात शिरतो, डान्टेला गोळी घालतो, गल्ला रिकामा करतो आणि निघून जातो. डान्टे मेलेला. विनोदी सिनेमा खलास.

ऑक्टोबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला, त्याच अँजेलिका थिएटरात, स्वतंत्र चित्रपटांच्या बाजारात हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो या शेवटासकट. रविवारची सकाळ, थिएटर जवळजवळ रिकामं. दोन वर्षांपूर्वी जिथे बसून स्वप्न पाहिलं तिथेच बसून स्मिथ रिकाम्या खुर्च्या मोजत होता. पण त्या मोजक्या लोकांत बॉब हॉक नावाचा एक जाणकार बसला होता. त्याने चार लोकांना सांगितलं, चाळिसाला कळलं, आणि गोष्ट जॉन पीअरसनपर्यंत गेली. स्वतंत्र चित्रपटवाल्यांसाठी वितरक शोधून देणारा हा माणूस. या दोघांचं म्हणणं पडलं की तो खून काढ. स्मिथने काढला. पुढे अनेकदा त्याने प्रांजळपणे सांगितलंय की सिनेमा संपवायचा कसा हेच मला कळत नव्हतं, म्हणून मारला डान्टेला.

तिथून पुढचं भरभर सांगतो, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. जानेवारी १९९४, सनडान्स, फिल्ममेकर्स ट्रॉफी. मग कान महोत्सवात बक्षिसं. मिरामॅक्सने हक्क घेतले. अमेरिकन सेन्सॉरवाल्यांनी केवळ संवादांमुळे (ना नग्नता, ना हिंसा!) सगळ्यात कडक सर्टिफिकेट दिलं, मिरामॅक्सने अॅलन डर्शोवित्झसारखा वकील उभा केला आणि एकही कट न देता सर्टिफिकेट सौम्य करून घेतलं. ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रदर्शित, अमेरिकेत तीस लाख डॉलरच्या वर धंदा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समावेश.

तर डान्टे वाचला. मग त्या मेलेल्या डान्टेचं काय झालं?

साधारणपणे काय होतं? कापलेली फिल्म जाते कचऱ्यात. मराठी सिनेमात तर अख्ख्या निगेटिव्ह गेल्या, कापलेल्या तुकड्यांची कोण आठवण ठेवतो! पण 'क्लर्क्स' नेमका अशा वेळी आला की कापलेल्या तुकड्यांना बाजार मिळू लागला होता. हा बाजार म्हणजे लेझरडिस्क. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणी पाहिलेली नाही. तबकडीएवढी, म्हणजे ३० सेंटीमीटर व्यासाची चकचकीत डिस्क, एका बाजूवर जास्तीत जास्त तासभर सिनेमा. मध्येच उठून उलटी करावी लागे. तिच्यावर आवाजाचे एकाहून जास्त ट्रॅक असत. सिनेमाचा आवाज एका ट्रॅकवर टाकला की दुसरा मोकळा. १९८४ मध्ये क्रायटेरियन कंपनीने 'किंग काँग'ची लेझरडिस्क काढली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातल्या रोनाल्ड हेव्हरने त्या मोकळ्या ट्रॅकवर पूर्ण सिनेमाभर बोलत त्याचा इतिहास सांगितला. कॉमेंटरी ट्रॅक जन्माला आला तो असा, रिकाम्या जागेचा उपयोग म्हणून. कोणत्याही प्रॉडक्ट मॅनेजरने 'युजरला हे हवंय' असं सांगितलं नव्हतं!

हेव्हर अभ्यासक होता, त्यामुळे पहिली कॉमेंटरी म्हणजे उत्तम व्याख्यान. १९९५ च्या 'क्लर्क्स' लेझरडिस्कवरची कॉमेंटरी म्हणजे कट्टा. स्मिथ, मोझिअर, कलाकार, सगळे एका खोलीत. 'जे'चं काम करणारा जेसन म्यूझ प्यायलेला, बोलता बोलता आडवा. कोण कोणाला काय बोलतंय पत्ता नाही. पण त्या गोंधळात मिनिटामिनिटाला एखादी अशी गोष्ट येते की तुम्ही कान टवकारता. हा माणूस कोणाचा नातेवाईक, इथे अभिनेता आलाच नाही म्हणून दुसऱ्याला उभा केला, हे वाक्य म्हणताना त्याला हसू आवरेना. आणि त्याच डिस्कवर, कापलेल्या प्रसंगांत, मेलेला डान्टे.

लेझरडिस्क महाग, घेणारे थोडे. डीव्हीडी अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये आली आणि सगळं पालटलं. स्मिथला आधी ते अजिबात रुचलं नव्हतं. त्याच्या 'चेसिंग एमी'ची क्रायटेरियन लेझरडिस्क निघाली तेव्हा कॉमेंटरीच्या सुरुवातीला त्याने डीव्हीडीला एक अस्सल इंग्रजी शिवी हासडली होती. गंमत अशी की २००० साली तीच कॉमेंटरी तशीच्या तशी डीव्हीडीवर आली! मग बिचाऱ्याला आधी एक छोटासा व्हिडिओ जोडून माफी मागावी लागली. रिलीज नोट्समध्ये 'नोन इश्यू' लिहितात ना, तसं.

जरा हिशेब करून बघा. एका बाजूच्या दुपदरी डीव्हीडीवर ८.५ जीबी जागा. कॉमेंटरी साधारण १९२ केबीपीएसने घातली तर ९२ मिनिटांची होते १३० एमबीच्या आसपास. दीड टक्का! तंत्रज्ञांच्या दृष्टीने फुकटच. आणि कमी पैशांत केलेल्या सिनेमाकडे नेमकं तेच असतं जे फुकटात छापता येतं: घरगुती कॅमेऱ्यावर घेतलेल्या ऑडिशन, जुन्या टेप, आणि बोलायला आतुर असलेले, अजून एकमेकांचे मित्र असलेले लोक. मोठ्या स्टुडिओच्या 'मेकिंग ऑफ'मध्ये काय असतं? नायिका सांगते की दिग्दर्शक जीनियस आहे, दिग्दर्शक सांगतो की नायिका प्रोफेशनल आहे. ते सगळं जाहिरातखातं. इथे मात्र पोरं सांगतात की आम्ही कशी माती खाल्ली.

मी उचलला तो २००४ चा दहाव्या वर्षाचा सेट, 'क्लर्क्स एक्स'. पहिल्या डिस्कवर आपल्याला माहीत असलेला सिनेमा आणि ती कट्टा-कॉमेंटरी. दुसऱ्या डिस्कवर, आणि हे मला फार थोर वाटतं, अँजेलिकात दाखवलेला मूळचा पूर्ण कट. चित्र मळकट, आवाज कच्चा, दहा-बारा मिनिटांनी लांब, आणि शेवटी गोळी. कापलेला प्रसंग वेगळा बघणं आणि त्या दिवशीच्या प्रेक्षकासारखा अख्खा सिनेमा बघत त्या प्रसंगापर्यंत पोचणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. मला शेवट माहीत होता तरी दीड तास हसल्यावर ती गोळी पोटात बसली. आणि लगेच पटलं की हॉक आणि पीअरसन बरोबर होते. शेवट वाईट आहे. नुसता दुःखद नव्हे, उपरा आहे, दुसऱ्याच कोणत्या तरी सिनेमातून आल्यासारखा. हे मी कोणाच्या तरी लेखात वाचून मानलं नसतं. बघून मानलं.

तिसऱ्या डिस्कवर 'स्नोबॉल इफेक्ट' नावाची, सिनेमाइतकीच लांब डॉक्युमेंटरी. शिवाय स्मिथ आणि मोझिअरचा फिल्म स्कूलमधला पहिला उद्योग. त्यांनी एका व्यक्तीवर माहितीपट करायचा घाट घातला, ती व्यक्ती ऐनवेळी निघून गेली, तेव्हा यांनी 'आमचा माहितीपट कसा फसला' यावरच माहितीपट केला! याशिवाय पैशांअभावी चित्रित न झालेला अंत्यदर्शनाचा प्रसंग २००४ मध्ये कार्टून रूपात करून घातलाय. हे मात्र मला खटकलं. जे झालंच नाही ते नंतर करून 'हरवलेला प्रसंग' म्हणून विकणं म्हणजे इतिहासात पॅच मारणं. बघायला मजा येते, पण कमिटची तारीख लपवू नये माणसाने.

आणखी एक. हे सगळं साहित्य त्या त्या क्षणी गोठलेलं असतं. मिरामॅक्सबद्दल, हार्वी वाइनस्टीनबद्दलची त्या काळातली कृतज्ञता २०१७ नंतर ऐकवत नाही. स्मिथने स्वतः त्या वर्षी जाहीर केलं की वाइनस्टीनबरोबर केलेल्या सिनेमांतून येणारे आपले पैसे तो महिला चित्रकर्मींच्या संस्थेला देईल. पण डिस्कवरचा १९९५ चा, २००४ चा माणूस तसाच निरागस बोलत राहतो. त्याला अपडेट जात नाही. इतिहासाचं साधन म्हणून हे उत्तमच आहे, ऐकणाऱ्याला त्रास होतो एवढंच.

आता फाळके. १९१७ मध्ये दादासाहेबांनी 'चित्रपट कसे तयार करतात' अशी एक छोटी फिल्म केली. स्वतः फाळके त्यात दिसतात, नटांना सूचना देताना, फिल्मची पट्टी हातात घेऊन तपासताना. तिचे तुकडे अजून शिल्लक आहेत, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने सांभाळलेले. म्हणजे ज्याला आपण डीव्हीडीचा चोचला समजतो तो मराठी माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवलाय. पण पुढे? जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच अर्काइव्हच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्म्स जळून गेल्या. घरगुती व्हिडिओच्या काळात आपल्याला मिळाली व्हीसीडी. एका सीडीवर जेमतेम सव्वा तास, म्हणजे सिनेमाच दोन-तीन सीडींत कोंबलेला. कॉमेंटरीला जागा कुठली! २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्या. आम्ही पिशव्या भरभरून आणल्या. स्वस्तात सिनेमे मिळाले, पण त्यातल्या कोणत्याच मराठी डिस्कवर मला दिग्दर्शक बोलताना ऐकू आला नाही.

माझा 'क्लर्क्स'चा सेट पुण्यात आणला तर इथल्या प्लेअरने नकार दिला. अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. लॅपटॉपची ड्राइव्ह रीजन फक्त पाच वेळा बदलू देते, मग कायमची अडकते. मी चार वेळा बदलून झाल्यावर घाबरून थांबलो. शेवटी व्हीएलसीने सोडवलं, जसं ते आयुष्यातलं बरंच काही सोडवतं. :)

असो. एवढं सगळं पाल्हाळ कशासाठी, तर त्याला कारण आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही पुरुषोत्तमला एकांकिका केली होती. विनोदी. एका पीसीओ बूथमध्ये घडणारी, पाच पात्रं, नेपथ्याचा खर्च अकराशे रुपये. मूळ शेवटात बूथवाला शेवटचा फोन स्वतःच्या घरी लावतो आणि पलीकडे कोणी उचलत नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही तो एकदाच केला. मग एका सीनिअरने सांगितलं की फार रडका आहे, काढा. काढला. भरत नाट्यमध्ये केला तो हसरा शेवट. टाळ्या बऱ्या पडल्या, नंबर नाही आला.

हॉलमधल्या त्या प्रयोगाची हँडीकॅमवर घेतलेली एक कॅसेट होती. ती लेखकाच्या, म्हणजे आमच्या मंद्याच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत. 'क्लर्क्स एक्स' बघितल्यावर मी त्याला मेल टाकला होता की ती कॅसेट काढ, डिजिटाइझ करू. त्याचं उत्तर आलं: काढतो रे. दर दिवाळीला विचारायचो, दर दिवाळीला काढतो रे. २०२१ मध्ये मंद्या गेला. कॅसेट त्याच्या बायकोने शोधून दिली, लेबलवर त्याच्या अक्षरात 'जुना शेवट' लिहिलेलं. सतरा पावसाळे खाल्लेली बुरशी. लक्ष्मी रोडवरच्या एका काकांनी टेप पुसून, रीळ बदलून जे निघालं ते दिलं. चित्र नाहीच, नुसत्या करड्या रेघा. आवाज मात्र अकरा मिनिटं. पाचवा फोन वाजतो तिथपर्यंत.

गेल्या वर्षी आम्ही उरलेले तिघं व्हिडिओ कॉलवर बसलो. एक सॅन होजेत, एक बाणेरला, एक मी. ती अकरा मिनिटं लावली आणि वर बोलत गेलो, रेकॉर्डिंग चालू ठेवून. कोणाची एंट्री चुकली, कोणाचा आवाज हा, मागे खोकतंय कोण. अकराव्या मिनिटाला आवाज बंद पडला तरी आम्ही बोलतच होतो. मग शेवटावर आलो. मला आठवतं की बूथवाला रिसीव्हर खाली ठेवतो आणि दिवा मालवतो. बाणेरवाला म्हणतो, दिवा नाही, तो रिसीव्हर लोंबकळत सोडून जातो. आणि ज्याने ते काम केलं होतं, तो सॅन होजेवाला, म्हणाला की अरे, मी तर शेवटी बोलायचो काहीतरी, मंद्याने त्याच दिवशी सकाळी लिहून दिलं होतं एका बसच्या तिकिटामागे. काय होतं ते मात्र त्याला आठवेना.

फाइल १.४ जीबीची आहे. तिघांकडे एकेक प्रत, आणि चौथी वहिनींना पाठवली.